रफू, ठिगळ आणि परिशिष्ट : स्टार ट्रेकच्या कालपटाच्या नोंदी

5 जानेवारी 2025

2024 संपलं आणि आमच्या शीटमधल्या तीन ओळी एका रात्रीत भविष्यातून भूतकाळात गेल्या. स्टार ट्रेकच्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या 1995 सालच्या ‘पास्ट टेन्स’ या जोडभागाप्रमाणे सप्टेंबर 2024च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत बेल दंगली व्हायला हव्या होत्या. ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या ‘द हाय ग्राउंड’ भागात (1990) डेटा नावाचा यंत्रमानव बोलण्याच्या ओघात सांगून जातो की आयर्लंडचं एकीकरण 2024 साली झालं. ‘पिकार्ड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये त्याच वर्षी माणसांची युरोपा मोहीम निघते. बेल दंगलींच्या आठवड्यात मी प्रत्यक्षात सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागत फिरत होते.

नोंदी नव्याने सुरू करते आहे, कारण दिवाळीपासूनच्या जुन्या नोंदी तीन वह्यांत आणि दोन फोनांत विखुरल्या आहेत. काम असं : 1966पासूनच्या सगळ्या मालिका आणि चित्रपट यांचा एक मराठी कालपट. कोणत्या वर्षी काय घडलं, ते कोणत्या भागात कळतं, आणि त्याचं दुसऱ्या कोणत्या भागाशी भांडण आहे. माणसं तीन : मी, धाकटा भाऊ आणि टोरांटोची मैत्रीण. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, पहिला मसुदा मित्रमंडळींत वाटायचा बेत.

दोन नियम आजच लिहून ठेवते. एक, पडद्यावर दिसलं-ऐकलं तेवढंच धरायचं. कादंबऱ्या, मुलाखती, व्हिडिओ गेम बाहेर. दोन, आपलं जग साक्षीदार नाही. आपल्याकडे दंगल झाली नाही म्हणून त्यांची ओळ खोटी ठरत नाही. तिन्ही ओळींना हात लावला नाही.

11 जानेवारी

आजचा दिवस वजाबाकीत गेला. पहिल्या मालिकेला आपण कोणत्या शतकात आहोत याचाच पत्ता नव्हता. ‘टुमॉरो इज यस्टर्डे’त 1960च्या दशकातला एक हवाईदल अधिकारी जहाजाचा कॅप्टन कर्क याला दोनशे वर्षं डांबून ठेवायची धमकी देतो, आणि कर्क म्हणतो, साधारण तेवढंच बरोबर बसेल. म्हणजे 2160चं दशक. ‘स्पेस सीड’मध्ये 1990च्या दशकातला जनुकसुधारित हुकूमशहा खान दोन शतकं झोपलेला सापडतो. म्हणजे 2190चं दशक. ‘द स्क्वायर ऑफ गॉथोस’मधला ट्रेलेन नऊशे वर्षांपूर्वीची पृथ्वी दुर्बिणीतून बघून नेपोलियनच्या गप्पा मारतो. म्हणजे थेट अठ्ठाविसावं शतक! हे तिन्ही भाग 12 जानेवारी ते 16 फेब्रुवारी 1967 या पाच आठवड्यांत प्रसारित झाले आहेत. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नसावं, आणि विचारायचं कारणही नव्हतं. मालिका पुढच्या वर्षी चालेल की नाही याचीच खात्री नव्हती.

पहिली पक्की खुंटी 1988 साली ठोकली गेली. ‘द न्यूट्रल झोन’मध्ये डेटा चालू वर्ष 2364 असल्याचं सांगतो. तिथून मागे मोजता येतं. मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी 1993च्या कालक्रमाच्या पुस्तकात सोपी युक्ती केली : प्रसारणाच्या वर्षात तीनशे मिळवा. 1966चं 2266.

“ताई, ते पुस्तक आहे. नियम एक,” धाकटा म्हणाला.

बरोबर आहे. सुदैवाने 2001 साली ‘व्हॉयेजर’च्या ‘क्यू टू’ भागात इचेब वर्गात उभं राहिल्यासारखा सांगतो की कर्कची पाच वर्षांची मोहीम 2270 साली संपली. म्हणजे सुरुवात 2265. पडद्यावरचा पुरावा मिळाला, पुस्तक बाजूला ठेवलं. ट्रेलेनची नऊशे वर्षं तळाला, लाल रंगात.

12 जानेवारी

धाकट्याने फक्त वर्षाचा रकाना सॉर्ट केला, शेजारचे तसेच राहू दिले. तासभर पहिलं वॉर्प, म्हणजे प्रकाशाहून वेगवान, उड्डाण कर्कच्या निवृत्तीनंतर होत होतं. जुनी आवृत्ती परत आणली. यापुढे सॉर्ट करायचं ते कॉपीवर. आणि धाकट्याने नाहीच.

18 जानेवारी

आत्या चार दिवसांसाठी आली आहे. संस्कृत शिकवायची, आता निवृत्त. एम.ए.ला तिला पाठचिकित्सा होती, हे मला आज कळलं.

मी ‘आर’शी झटत होते. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या दुसऱ्या पायलट भागात गॅरी मिचेल कर्कसाठी थडगं उभं करतो, त्यावर नाव कोरलेलं आहे जेम्स आर. कर्क. पुढे जन्मभर तो जेम्स टी. ‘टी’ म्हणजे टायबेरियस, हे पडद्यावर पहिल्यांदा आलं 1974च्या ॲनिमेटेड मालिकेतल्या ‘बेम’ भागात. गंमत अशी की 1980च्या दशकाच्या शेवटी खुद्द स्टार ट्रेकचे जनक रॉडनबेरी यांच्या गोटातून ही ॲनिमेटेड मालिका अधिकृत धरायची नाही असं ठरलं होतं. तरी 1991च्या सहाव्या चित्रपटात कर्कवर खटला चालतो तेव्हा पूर्ण नाव टायबेरियससकट घेतलं जातं. म्हणजे बाप वाळीत आणि मुलगा घरात.

आत्या चहा घेऊन मागे उभी होती. “हे पाठभेदच आहेत की. पोथ्या किती?”

मी सांगितलं, भाग आणि चित्रपट मिळून शेकड्यांनी.

“भांडारकरला महाभारताच्या साडेबाराशे पोथ्या होत्या. घाबरू नकोस.”

मग तासभर तिने शिकवणी घेतली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती 1919 साली हाती घेतली गेली आणि 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. मी शीट बघितली. स्टार ट्रेकचा पहिला भाग अमेरिकेत दिसला 8 सप्टेंबर 1966ला. चौदा दिवस! आत्याला याचं काहीच वाटलं नाही. ती पुढे सरकली होती : वि. स. सुकथनकरांची रीत अशी की जो पाठ जुना आणि सगळ्या शाखांत सापडतो तो वर घ्यायचा, बाकीचे पाठ फेकायचे नाहीत, तळटीपेत छापायचे, आणि मोठे प्रक्षिप्त तुकडे परिशिष्टात. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा त्यांना मूळ संहितेत धरता आली नाही. ती परिशिष्टात गेली.

“पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवलं, बघ. आहे का हिंमत?”

त्या न्यायाने माझा ‘आर’ वर आणि ‘टी’ तळटीपेत. मी म्हटलं, आत्या, लोक मारतील.

“का? गणपतीची गोष्ट सांगायची कोणी सोडली?”

रात्री विचार केला. तिची रीत इथे उलटी चालते. पोथ्यांत जुना पाठ वजनदार, कारण प्रत करणाऱ्याच्या हातून चुका वाढत जातात. मालिकेत जुना पाठच सगळ्यात कच्चा असतो. पहिल्या वर्षी लिहिणाऱ्यांना घर अजून दिसायचं असतं. कर्कचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक, त्याचे लोक तेव्हा कधी ‘व्हल्कन’ असतात, कधी ‘व्हल्केनियन’. ‘मड्स विमेन’मध्ये जहाज लिथियमच्या स्फटिकांवर चालतं, डायलिथियम मागाहून येतं. इथे जिंकतो तो पाठ शेकडो वेळा उच्चारला गेलेला. ‘टी’ जिंकला तो खरा म्हणून नव्हे, घासून गुळगुळीत झाला म्हणून.

पण तिची एक गोष्ट घेतली : हरलेला पाठ पुसायचा नाही. आणि शेऱ्यांसाठी शब्दही तिच्याच शिवणाच्या डब्यातून घेतले. शिवण दिसत नाही ते रफू. दिसते ते ठिगळ. कोणी हातच लावला नाही ती उसवण. आणि परिशिष्ट.

19 जानेवारी

चेकॉव्हची केस. 1982च्या ‘द रॅथ ऑफ खान’मध्ये खान कर्कच्या जहाजावरच्या चेकॉव्हला बघून म्हणतो की हा चेहरा मी विसरलेलो नाही. पण ‘स्पेस सीड’ पहिल्या सीझनमधला, आणि चेकॉव्ह झालेले वॉल्टर कोनिग आले दुसऱ्या सीझनला. खानने त्याला पाहिलं कुठे?

रफू सापडलं, आणि फार सुबक आहे. चेकॉव्ह असलेल्या ‘कॅट्सपॉ’ भागाची स्टारडेट, म्हणजे मालिकेतली तारीख, आहे 3018.2. ‘स्पेस सीड’ची आहे 3141.9. तारखांवर जायचं तर चेकॉव्ह खानच्या आधीच जहाजावर होता, आपल्याला दिसला नाही इतकंच. चारशेहून जास्त माणसांच्या जहाजावर हे अगदीच शक्य आहे. स्वतः कोनिग संमेलनांत निराळी हकीकत सांगत : चेकॉव्ह संडासात फार वेळ अडकून बसला, बाहेर खान ताटकळला, तेव्हाच तोंड लक्षात राहिलं. मुलाखत म्हणून नियम एकने बाद. मन मात्र तिकडेच.

फक्त एक टोचणी आहे. पहिल्या मालिकेच्या लेखकांना स्टारडेटबद्दल सूचना होती की कोणतेही चार आकडे घ्या, पुढे दशांशाचा एक द्या, क्रम जुळवत बसू नका. म्हणजे मी ज्या धाग्याने रफू केलं तो धागा लॉटरीच्या तिकिटाचा आहे. तरीही शेरा : रफू. पडद्यावर आहे ते आहे.

26 जानेवारी

सुट्टी. क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांच्या कपाळांचा दिवस.

1960च्या दशकातल्या क्लिंगॉनांची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी सपाट, रंग सावळा आणि मिशा. मेकअपला पैसे नव्हते. 1979च्या पहिल्या चित्रपटात पैसे आले आणि कपाळावर हाडांच्या वळकट्या उगवल्या. (त्याच चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा डोकं तुळतुळीत करून इलिया झाल्या. 1965च्या मिस इंडिया. त्यांची ओळ शीटमध्ये ठळक केली आहे, कारण दुसरं काही नाही, आपल्या गावची. चित्रपटातलं व्हीजर हे यान मुळात व्हॉयेजर 6 निघतं. आपल्याकडे व्हॉयेजर दोनच, 1977ची. नियम दोन. पुढे.)

बरीच वर्षं कोणी काही बोललं नाही, आणि हे माझ्या मते उत्तम चाललं होतं. प्रेक्षक समजूतदार असतात. नाटकात राजवाड्याचा पडदा हलला तर आपण राजवाडा हलला म्हणत नाही. 1994च्या ‘ब्लड ओथ’मध्ये तर कोर, कोलॉथ आणि कँग हे जुन्या मालिकेतले तिघे, त्याच तीन नटांसह, वळकट्या लावून परत आले. कोणी हूं की चूं केलं नाही.

घोटाळा झाला 1996ला. तिसाव्या वर्षानिमित्त ‘डीप स्पेस नाइन’ने ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’ केला : नवी मंडळी जुन्या भागाच्या चित्रणात मिसळलेली. आता मालिकेतला वळकट्यांचा क्लिंगॉन अधिकारी वर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच खोलीत. सगळे वर्फकडे बघतात. कोणी विचारतं, जनुकीय बदल? कोणी विचारतं, विषाणू? वर्फ एवढंच म्हणतो की याबद्दल आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही.

याहून चांगलं रफू मी पाहिलेलं नाही. एका वाक्यात प्रश्न मान्य केला, उत्तर नाकारलं, आणि वर एका अख्ख्या समाजाला शरमेची जागा मिळाली. आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आपल्याकडे नानांच्या पहिल्या लग्नाचं असंच होतं. सगळ्यांना माहीत, विचारायचं नाही.”

पण 2001ला ‘एंटरप्राइझ’ सुरू झाली, कर्कच्या शंभर वर्षं आधीची, आणि पहिल्याच भागात वळकट्यांचा क्लिंगॉन. म्हणजे वळकट्या, मग सपाट, मग पुन्हा वळकट्या. फेब्रुवारी 2005मध्ये ‘अफ्लिक्शन’ आणि ‘डायव्हर्जन्स’ या दोन भागांत उत्तर आलं : क्लिंगॉनांनी माणसांच्या सुधारित जनुकांचा प्रयोग स्वतःवर केला, त्यातून जीवघेणी साथ पसरली, डॉक्टर फ्लॉक्सने तोड काढली, जीव वाचले, कपाळं गेली. लेखकांनी 1996चे दोन्ही अंदाज, जनुकीय बदल आणि विषाणू, एकदम खरे ठरवले. चोख काम आहे, नाही म्हणत नाही. पण ठिगळ ते ठिगळ. आणि वर्फच्या वाक्यात जो अंधार होता त्यात त्यांनी ट्यूबलाइट लावली.

‘ब्लड ओथ’च्या तिघांना वळकट्या परत कशा आल्या? एक क्लिंगॉन वैद्य शेवटी कपाळ नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियांचं सूतोवाच करतो. म्हणजे कोरने प्लास्टिक सर्जरी केली. मला नाही आवडलं. शेरा : ठिगळाला ठिगळ.

2017ला ‘डिस्कव्हरी’ने क्लिंगॉनांचं टक्कल केलं आणि 2019ला केस परत वाढवले. यावर मी काहीही लिहिणार नाही. आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही.

1 फेब्रुवारी

ट्रिल, आणखी एक परग्रही जमात. 1991च्या ‘द होस्ट’मध्ये कपाळावर उंचवटा आणि ट्रान्सपोर्टरमधून (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रातून) जायची बंदी. 1993च्या जॅड्झिया डॅक्स या ट्रिल पात्राला कपाळ साफ, मानेवर ठिपके, ट्रान्सपोर्टरला काही हरकत नाही. कारण एवढंच की नटीचा चेहरा कपाळाच्या तुकड्याने झाकायचा नव्हता, म्हणून मेकअपवाले मायकेल वेस्टमोर यांनी ठिपके रंगवले. शेरा : उसवण. कोणालाही थंडी वाजलेली नाही.

2 फेब्रुवारी

कॉक्रेन, वॉर्पचा शोध लावणारा. 1967च्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये तो अल्फा सेंटॉरीचा झेफ्राम कॉक्रेन. दीडशे वर्षांपूर्वी, सत्त्याऐंशीव्या वर्षी नाहीसा झालेला. 1996च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये तो मोंटानातल्या बोझमनला 2063 साली पहिलं वॉर्प यान उडवतो. अल्फा सेंटॉरीचं सोपं आहे : नंतर तिकडे राहायला गेला असेल. पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला आपण कोल्हापूरचा म्हणतोच, आणि उलटही.

वयाचं बघा. 2267मधून 150 गेले 2117. त्यातून 87 गेले 2030. म्हणजे 2063ला कॉक्रेन तेहतीस वर्षांचा. ती भूमिका करताना जेम्स क्रॉमवेल पन्नाशी ओलांडलेले. धाकट्याचं म्हणणं, महायुद्ध, दारू आणि किरणोत्सर्ग, माणूस लवकर पिकतो. ठेवलं तसंच.

9 फेब्रुवारी

‘एंटरप्राइझ’ची उरलेली प्रकरणं एका बैठकीत. 1966च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’प्रमाणे माणसांनी रोम्युलन या शत्रू जमातीचा चेहरा कधीच पाहिलेला नाही, 2002च्या ‘माइनफील्ड’मध्ये फक्त आवाज येतो, चेहरा नाही, म्हणजे सांभाळलं. पण तिथे रोम्युलन जहाज अदृश्य होतं, आणि शंभर वर्षांनी स्पॉक अदृश्य जहाजाबद्दल तत्त्वतः शक्य आहे असं बोलतो, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. उसवण. फेरेंगी ही लोभी व्यापारी जमात 1987ला पहिल्यांदा भेटते, पण 2002च्या ‘ॲक्विझिशन’मध्ये येऊन चोरी करून जाते आणि आपलं नाव सांगत नाही. चोर नाव सांगत नाही, हे पटतं.

बोर्ग, म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले शत्रू, मात्र छान. ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये भूतकाळात येऊन फुटलेल्या बोर्गांचे अवशेष 2003च्या ‘रीजनरेशन’मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फात सापडतात, ते आपल्या मुलुखाकडे संदेश धाडतात, आणि संदेश पोचायला दोनशे वर्षं लागणार. म्हणजे चोविसाव्या शतकात बोर्ग का आले, याचं आणखी एक कारण आयतंच तयार झालं. फाटलेलं शिवताना खिसा निघाला.

16 फेब्रुवारी

तिसऱ्या महायुद्धातले मृत. ‘ब्रेड अँड सर्कसेस’मध्ये (1968) स्पॉक सांगतो 3 कोटी 70 लाख. ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये रायकर सांगतो 60 कोटी. 2022ला ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या पहिल्या भागात कॅप्टन पाइक सांगतो, पृथ्वीवरची तीस टक्के माणसं.

दोन दिवस डोकं खाल्लं. मग स्पॉकचं अख्खं वाक्य पुन्हा ऐकलं. तो पहिल्या महायुद्धाचे 60 लाख आणि दुसऱ्याचे 1 कोटी 10 लाख सांगतो. हे दोन्ही आकडे प्रत्यक्षातल्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. दुसऱ्याचे तर काही पटींनी. म्हणजे स्पॉक काहीतरी वेगळं मोजतो आहे, सगळे मृत नव्हे. काय ते त्याने सांगितलं नाही, पण मोजमाप वेगळं आहे हे त्याच्याच वाक्यात दिसतं. मग तिसरा आकडाही त्याच मापाचा. रफू! हे माझं स्वतःचं, म्हणून आज लिहिताना अक्षर मोठं आलं आहे.

(नंतर धाकट्याने विचारलं : प्रत्यक्षातले आकडे? आपलं जग साक्षीदार नाही ना? मी म्हटलं जेव. पण खटकलंय.)

22 फेब्रुवारी

स्पॉकची बहीण. 2017ला कळलं की स्पॉकला मायकेल बर्नम नावाची मानलेली बहीण आहे, जिचा पन्नास वर्षांत त्याने एकदाही उल्लेख केला नव्हता. 2019च्या दुसऱ्या सीझनअखेर खुलासा : ‘डिस्कव्हरी’ जहाज, तिचं यंत्र आणि तिची माणसं यांबद्दल बोलणं म्हणजे देशद्रोह, असा स्टारफ्लीटचा, म्हणजे त्यांच्या अंतराळ आरमाराचा, हुकूम निघाला. मोठं, करकरीत, कोऱ्या कापडाचं ठिगळ.

आणि गरजच नव्हती. ‘जर्नी टू बॅबेल’मध्ये (1967) जहाजावर आलेले राजदूत सरेक आणि त्यांची बायको हे आपले आईबाप आहेत, हे स्पॉक कर्कला कर्कने विचारल्यावर सांगतो. 1989च्या पाचव्या चित्रपटात त्याला सायबॉक नावाचा सावत्र भाऊ निघतो, त्याचाही कोणाला पत्ता नाही. स्पॉक घरचं बोलत नाही. ही विसंगती नाही, हा स्वभाव आहे. हुकूम काढायची काय गरज होती?

27 फेब्रुवारी

मसुदा झाला नाही. 61 भांडणं नोंदली, 44 निकाली. खानची ओळ मुद्दाम मागे ठेवत आलो आहोत.

8 मार्च

खान नूनियन सिंग. आत्याचा पहिला प्रश्न : “खान की सिंग? एक काय ते ठरवा.” ‘स्पेस सीड’मधली इतिहासकार मॅकगिव्हर्स झोपलेल्या माणसाकडे बघून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. त्याचं चित्र काढते त्यात फेटाही रंगवते. भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबान यांची, दाढी सफाचट. हे भांडण आमच्या शीटच्या कक्षेबाहेरचं आहे, पण मराठी कालपटात एक तळटीप तरी हवीच.

वर्षांचं असं आहे. 1967 : स्पॉक सांगतो की खान 1992 ते 1996 पृथ्वीच्या चतुर्थांशाहून जास्त भागावर राज्य करत होता. लिहिणाऱ्यांना 1992 पंचवीस वर्षं दूर होतं. मग 1992 आलं, आणि गेलं. 1996च्या ‘फ्यूचर्स एंड’मध्ये ‘व्हॉयेजर’ची मंडळी खुद्द 1996च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरतात तर सगळं शांत; फक्त एका टेबलावर खानच्या यानाच्या जातीचं मॉडेल ठेवलेलं. 1997ला ‘डॉक्टर बशीर, आय प्रिझ्यूम?’मध्ये एक अधिकारी खानच्या काळातली जनुकसुधारित माणसांची युद्धं दोनशे वर्षांपूर्वीची म्हणतो. 2373मधून दोनशे गेले की 2173, म्हणजे चक्क बावीसावं शतक. लेखक रोनाल्ड मूर यांनी नंतर मान्य केलं की मधली शंभर वर्षं मोजायची राहिली. 2004च्या ‘हॅचरी’मध्ये ‘एंटरप्राइझ’चा कॅप्टन आर्चर सांगतो, आपले पणजोबा या युद्धांत उत्तर आफ्रिकेत लढले. आर्चर 2154चा, पणजोबा 1990चे म्हणायचे तर त्या घराण्यात सगळ्यांना पोरं फार उशिरा झाली.

2022ला ‘पिकार्ड’मध्ये एक फाइल उघडली जाते, वर ‘प्रोजेक्ट खान’ आणि तारीख 1996ची. त्याच वर्षी पाइक ही युद्धं आपल्या, म्हणजे बघणाऱ्यांच्या, काळाच्या पुढे, तिसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नेऊन ठेवतो. आणि 29 जून 2023ला ‘टुमॉरो अँड टुमॉरो अँड टुमॉरो’. खानची वंशज ला’आन आपल्या काळातल्या टोरांटोत येते. तिथे एक रोम्युलन हेर वैतागून सांगते की हे सगळं 1992लाच व्हायचं होतं, कालप्रवासी सारखी लुडबुड करतात, काळ घटना पुढे ढकलतो, आणि मी इथे तीस वर्षं अडकून पडले आहे. खान अजून लहान पोर आहे.

नियम दोनचं काय करायचं? आपलं जग साक्षीदार नाही, असं मी ठामपणे लिहिलं. इथे मालिकेनेच आपल्या जगाला साक्षीला उभं केलं. 1992 तुमच्याकडे शांत गेलं ना? मग आमच्याकडेही जाऊ दे.

9 मार्च

मैत्रिणीशी बोलायचं रात्री आठला ठरलं होतं, ती तासभर आधीच आली. तिकडे आजच घड्याळं एक तास पुढे गेली. अंतर साडेदहा तासांचं साडेनऊ झालं. काळ ढकलण्याबद्दल बोलायला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

तिचं मत माझ्यापेक्षा उदार. टोरांटो पडद्यावर नेहमी दुसऱ्याच कुठल्या शहराचं सोंग घेतं, इथे ते टोरांटो म्हणूनच आलं, त्यावर ती खूश. पण मुद्दा वेगळा होता. “वर्ष जुळवायला हा भाग केला असता तर मीही ठिगळ म्हटलं असतं. पण त्यात एक मुलगी आपल्या घराण्याचा कलंक पाच-सहा वर्षांचा असताना बघते, हातात शस्त्र असतं, आणि मारत नाही. तारीख हे निमित्त आहे.”

खरं आहे. क्लिंगॉन जोडभागाशी तोलून बघितलं. तिथे प्रश्नासाठी गोष्ट रचली, इथे गोष्टीच्या पोटात प्रश्न गेला. शेरा : रफू आणि ठिगळ यांच्यामधलं काहीतरी. आत्याला शब्द विचारला. “कशिदा,” ती म्हणाली. भोक झाकायला त्यावर फूल काढतात तसा.

16 मार्च

धाकटा उत्साहात. काळ ढकलला जातो म्हटल्यावर सगळंच सुटलं, म्हणे. बेल दंगली? ढकलल्या. आयर्लंड? ढकललं. स्पॉकचा आकडा? रोम्युलनांनी बदलला. जेम्स आर.? मिचेलच्या काळरेषेत तो आर. होता. दहा मिनिटांत 61पैकी 61 निकाली.

मी शीट बंद केली. ज्या औषधाने सगळे रोग बरे होतात ते औषध वैद्याला रोगाबद्दल काहीच शिकवत नाही. नियम तीन लिहिला : ठिगळ ज्या भोकावर लावलंय त्याच भोकापुरतं धरायचं. काळ ढकलला गेला हे पडद्यावर खानच्या युद्धांबद्दल सांगितलं आहे, म्हणून तिथेच चालेल. बेल दंगली सप्टेंबर 2024लाच राहतील, लाल रंगाशिवाय.

नियम दोन दुरुस्त केला : आपलं जग साक्षीदार नाही, मालिकेने नाव घेऊन बोलावलं तर सोडून. स्पॉकच्या आकड्यांचा माझा रफू या नव्या नियमातही नीट बसत नाही, हे धाकट्याने लगेच दाखवलं. शेरा बदलून ‘उसवण?’ केला. प्रश्नचिन्ह माझ्या हट्टाचं.

खानच्या ओळीत वर्ष 1992–1996 असंच ठेवलं आहे, खाली तळटीप चार इंची. जुना पाठ वर. इथे आत्याची रीत चालली, कारण नवा पाठ स्वतःच सांगतो की जुना पाठ मूळ होता.

30 मार्च

पाडवा. गुढी उतरवायच्या आधी छापील प्रत आत्याच्या हातात दिली, 38 पानं. तिने पहिलं पान सोडून थेट तळटीपा वाचल्या. ‘जेम्स आर.’वर बोट ठेवून म्हणाली, “हा बरा सापडला.” मग 2063ची ओळ, 5 एप्रिल, बोझमन, व्हल्कनांशी पहिली भेट. “शके किती?”

राष्ट्रीय पंचांगाने काढलं : 15 चैत्र 1985. आता तिला प्रत्येक ओळीला शकाचा रकाना हवा आहे. स्टारडेट, इसवी सन, शक. धाकटा लगेच कॉपी काढायला बसला. मी त्याला सांगितलं, सॉर्टला हात लावू नकोस.